दाद देणारा माणूस

भीमराव रामजी आंबेडकर हा मुलगा इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाला, तेव्हा वस्तीतल्या लोकांना सभा भरवून त्याचे कौतुक करायचे होते. त्यांच्या समाजात एवढी मजल मारणारा तो पहिलाच. पण वडिलांनी, सुभेदार रामजींनी, साफ नकार दिला. परीक्षाच तर पास झालाय, आणखी काय केलंय, उगाच पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. लोक हिरमुसले आणि रामजींचे स्नेही दादा केळुसकर यांच्याकडे गेले. केळुसकरांनी मध्ये पडून रामजींचे मन वळवले. सभा झाली, केळुसकर अध्यक्ष झाले आणि भाषणाच्या शेवटी त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धाचे मराठी चरित्र मुलाच्या हातात ठेवले. ही हकीकत खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितली आहे. चरित्रकार हा प्रसंग १९०७ सालच्या मॅट्रिकनंतरचा मानतात आणि सभेचे अध्यक्ष म्हणून सीताराम केशव बोले यांचे नाव देतात. एवढा तपशिलातला फरक सोडला, तर पुस्तकाबद्दल कोणाचेच दुमत नाही.

कृष्णराव अर्जुन केळुसकर विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत ते वाचत बसत. तिथेच रोज पुस्तकात डोके घालून बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला होता. सभेत चार गोड शब्द बोलून, हार घालून त्यांना घरी जाता आले असते. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढे कॉलेजचा खर्च रामजींना झेपेनासा झाला, तेव्हा केळुसकरांनीच मुलाची गाठ बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांशी घालून दिली. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. १९१३ साली त्याच बडोदा सरकारने दरमहा साडेअकरा पौंडांप्रमाणे तीन वर्षांची शिष्यवृत्ती देऊन भीमरावांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. १९२० साली भीमरावांचे ‘मूकनायक’ हे पत्र निघाले. त्यासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, परळच्या चाळीत जाऊन त्या तरुणाची भेट घेतली आणि मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे हजारोंसमोर सांगितले. तेव्हा बाबासाहेब २८ वर्षांचे होते. त्यांच्या नावावर अजून ना एखादा सत्याग्रह होता, ना एखादे मंत्रिपद.

एक शिक्षक आणि दोन राजे. तिघांनीही एका माणसाचे गुण ओळखले, आणि ओळखल्यावर खिशात हात घातला, वेळ दिला, शब्द टाकला. कौतुकावर आजवर लिहिले गेले ते बहुतेक कौतुक झालेल्यांविषयी. कौतुक करणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. या लेखाचा रोख त्याच्याकडे आहे. दाद देणाऱ्याला काय कळावे लागते, त्याला काय मोजावे लागते आणि तो वेळेवर आला नाही तर काय होते, हा या लिखाणाचा विषय.

रामजींची भीती मात्र उडवून लावण्यासारखी नाही. मराठी घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. मुलाला ९२ टक्के मिळाले की बाप आधी विचारतो, ‘आठ कुठे गेले?’ आईला पोराचे कौतुक असतेच, पण ती ते शेजारणीजवळ करते, पोराच्या तोंडावर नाही. वर दृष्ट काढते ती वेगळीच. सून अर्धा तास पुरणपोळ्या लाटत असते आणि पंगतीतून आवाज येतो, ‘यंदा गूळ बरा मिळालाय.’ यात नुसता कंजूषपणा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्तुतीने माणूस शेफारतो, त्याचे लक्ष कामावरून उडून आरशावर जाते, हा अनुभव त्यामागे आहे.

मानसशास्त्राने हीच शंका प्रयोगाला लावून पाहिली. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकी संशोधिकांनी १९९८ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पाचवीतल्या मुलांना आधी सोपी कोडी दिली. ती सुटल्यावर काहींना, तुम्ही फार हुशार आहात, असे सांगितले आणि काहींना, तुम्ही खूप मेहनत घेतली असणार, असे सांगितले. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ती कोणालाच नीट जमली नाहीत. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी आली, तेव्हा हुशारीची स्तुती ऐकलेली मुले पहिल्यापेक्षा मागे पडली आणि मेहनतीची दाद मिळालेली पुढे गेली. आणखी एक गोष्ट दिसली. आपले गुण दुसऱ्या मुलांना कळवायला सांगितल्यावर ‘हुशार’ म्हटलेल्यांपैकी जवळपास चाळीस टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. रामजींची अर्धी बाजू इथे खरी ठरते. राहिलेल्या अर्ध्या बाजूचे उत्तर केळुसकरांच्या भेटीत आहे. त्यांनी मुलाला, तू मोठा आहेस, असे सांगण्याऐवजी पुढचे वाचायला दिले.

कामाच्या जागी या विषयाला जरा वेगळा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात एका कुंडीपासून करता येते. १८९६ च्या एप्रिलमध्ये रॅडक्लिफ कॉलेजातल्या विद्यार्थिनींनी आपले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक विल्यम जेम्स यांना ईस्टरची भेट म्हणून अझेलियाचे फुललेले रोप पाठवले. जेम्स तोवर मानसशास्त्राचे जगन्मान्य पंडित झालेले; सहा वर्षांपूर्वी त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला होता. आभाराच्या पत्रात त्यांनी कबूल केले की त्या एवढ्या मोठ्या ग्रंथात एक महत्त्वाची गोष्ट लिहायचीच राहिली. आपली कोणीतरी कदर करावी ही माणसाची तळातली भूक आहे, आणि ती आजवर आपल्या लक्षात आली नाही, बहुधा आजवर ती अशी कधी भागलीच नव्हती म्हणून. पत्राचा सूर थट्टेचा आहे. पण पुढे व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी त्यातले एक वाक्य उचलले, थट्टा गाळली आणि त्याचे सुभाषित करून टाकले.

दुसरी नेहमी सांगितली जाणारी गोष्ट शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याची. टेलिफोनचे सामान बनवणाऱ्या या कारखान्यात १९२४ पासून काही वर्षे प्रयोग चालले. दिवे वाढवले तरी काम वाढले, कमी केले तरी वाढले. मग १९२७ साली पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवून सुट्टीच्या वेळा, कामाचे तास बदलून पाहिले. आपल्याकडे कोणी लक्ष देते आहे, एवढ्यानेच माणूस जास्त काम करतो, असा निष्कर्ष जगभर पसरला. मॅनेजमेंटच्या वर्गात आजही तो शिकवतात. त्याच्यासोबत जे सहसा शिकवले जात नाही ते असे: त्या पाच मुलींपैकी दोघी फार बोलतात आणि ऐकत नाहीत म्हणून मध्येच बदलल्या गेल्या, आणि त्या खोलीतली मजुरी ठरवण्याची पद्धतही बदलली होती. दिव्यांचे जुने आकडे अर्थशास्त्रज्ञांनी अलीकडे पुन्हा तपासले, तेव्हा सांगितला जातो तसा चमत्कार त्यांत फारसा सापडला नाही. मालकाने कामगाराची विचारपूस करावी हे चांगलेच. पण त्या खोलीत काम वाढले ते विचारपुशीने की पैशाने, हा प्रश्न उरतोच.

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली या गुंत्यातून एक वाट काढली. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि हिशेबनिसांना त्यांनी विचारले, नोकरीत फार बरे वाटले तो प्रसंग कोणता आणि फार वाईट वाटले तो कोणता? बरे वाटल्याच्या आठवणींत काम तडीस गेल्याचे समाधान आणि कोणीतरी त्याची नोंद घेतल्याचे सुख वरचेवर आले. वाईटाच्या आठवणींत कंपनीचे नियम, साहेबाची वागणूक, पगार. पगार अपुरा असला तर माणूस कुढतो, पण पुरेसा मिळाला म्हणून उड्या मारत कामाला जात नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या पद्धतीवर टीका झाली आहे आणि ती रास्तही आहे. माणूस यशाचे श्रेय स्वतःला देतो आणि अपयशाचे खापर साहेबावर फोडतो, हे सांगायला संशोधन नको. तरीही दोन खाती वेगळी आहेत, ही त्यांची गोष्ट टिकली.

ती दोन खाती एकमेकांत मिसळली की काय होते, हे महाराष्ट्राने कोविडच्या साथीत पाहिले. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता देशभर गॅलऱ्यांमधून टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. ज्यांच्यासाठी त्या वाजल्या, त्यांत गावोगावच्या आशा कार्यकर्त्या होत्या. २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातल्या या बाया घरोघर जाऊन ताप मोजत होत्या, कोण बाहेरगावाहून आले याची नोंद ठेवत होत्या आणि काही ठिकाणी लोकांच्या शिव्याही खात होत्या. सरकारी कागदांत त्या ‘स्वयंसेविका’. त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो आशा कार्यकर्त्यांनी वाढीव मोबदल्यासाठी संप केला. पुढच्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या सगळ्या आशांना मानाचा पुरस्कार जाहीर केला. त्यानंतर २०२३ मध्येही महाराष्ट्रातल्या आशा मागण्यांसाठी पुन्हा रस्त्यावर होत्या. टाळ्या खोट्या होत्या असे नाही; त्या वाजवणाऱ्या बहुतेकांचे मन भरून आले होते. पण ज्याला पगारपत्रक बदलता येते त्याने टाळी वाजवून थांबणे, हे कौतुकाच्या नावाखाली देणे चुकवणे आहे. कौतुकाबद्दल गोड गोड लिहिणाऱ्या कोणीही आधी या संपाचा हिशेब द्यावा.

आपल्याकडे सत्कार स्वस्त झालेत. शाल, श्रीफळ, तुळशीचे रोप, फ्रेममधले मानपत्र आणि सूत्रसंचालकाच्या तोंडी ‘ज्यांना परिचयाची आवश्यकता नाही असे’. त्यानंतर दहा मिनिटे परिचय. व्यासपीठावर सत्कारमूर्ती एक आणि सत्कार करणारे चौदा. फोटोत सत्कारमूर्ती शोधावा लागतो. शालींचा ढीग घरी साठतो, मग त्या शाली पुढच्या सत्कारांना निघतात. हे सगळे हसण्यावारी नेता येते, पण समारंभ तोच असून त्यात जीव असू शकतो, याचा पुरावाही इथलाच आहे. १८५२ साली पुण्यात विश्रामबाग वाड्यातल्या समारंभात इंग्रज सरकारने जोतीराव फुल्यांना त्यांच्या शाळांच्या कामासाठी शाल दिली. तेव्हा जोतीराव पंचविशीत होते आणि मुलींच्या शाळा चालवतात म्हणून पुण्यातली बरीच मंडळी त्यांच्यावर दात धरून होती. त्या शालीमागे सरकारची सत्ता होती, आणि ती भर पुण्यात, टीकाकारांच्या देखत पांघरली गेली. ३६ वर्षांनी, ११ मे १८८८ रोजी, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात कष्टकऱ्यांच्या सभेत रावबहादूर विठ्ठलराव वंडेकरांच्या हस्ते जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी दिली गेली. देणाऱ्यांपाशी ना खजिना होता ना राजमुद्रा. सरकारी शाल आज इतिहासाच्या तळटिपेत आहे. लोकांनी दिलेली पदवी नावाला चिकटली ती कायमची.

महाराष्ट्रात नाव देऊन दाद द्यायची रीत जुनी आहे आणि संगीतात ती विशेष फळली. नारायण श्रीपाद राजहंस या दहा-बारा वर्षांच्या मुलाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटले. रामभाऊ कुंदगोळकरांना अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांनी ‘सवाई गंधर्व’ केले. पुढे छोटा गंधर्व आले, कुमार गंधर्व आले. मूळ नावे आता कोशात पाहावी लागतात. टिळक गवई नव्हते आणि खापर्डेही राजकारणातले. पण दोघांनाही कान होता, आणि त्यांच्या शब्दाला गावात वजन होते. दाद द्यायला हे दोन्ही लागते. कान नसलेल्या वजनदार माणसाची दाद हसे करते, आणि वजन नसलेल्या कानसेनाची दाद मैफलीच्या सतरंजीवरच राहते.

सतरंजीवरच्या त्या माणसाला मात्र कमी लेखू नये. मैफलीत कलाकाराचे लक्ष पहिल्या रांगेतल्या सोफ्याकडे नसते. मागे खांबाला टेकून बसलेला, समेच्या अर्धी मात्रा आधीच मान हलवू लागलेला एखादा म्हातारा असतो, गवई गातो ते त्याच्यासाठी. अवघड जागेवरून गाणारा सुखरूप परत आला, की त्या म्हाताऱ्याच्या तोंडून ‘आहा’ निघते. अवघड जागा कोणती हे त्याला ठाऊक असते, म्हणून त्या ‘आहा’ला किंमत. चुकीच्या ठिकाणी पडलेली टाळी तितकीच बोलकी असते. तबलजीने तिहाई संपवली असे समजून मध्येच टाळ्या पडल्या, की वादक कसनुसे हसतो. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. तिथे रात्र रात्र बसून तयार झालेले कान हे पुण्याचे खरे वैभव. महोत्सवाच्या मांडवात आता खाण्याचे स्टॉलही असतात. तिथला श्रोतावर्ग वेगळा, आणि त्याची दाद बटाटेवड्याला.

दाद अति झाली तर कलेचा गळाही आवळते. संगीत रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ने हेच केले. पद संपले की प्रेक्षागृहातून आरोळी उठायची, नट भूमिकेतून बाहेर यायचा, पुन्हा तेच पद गायचा, पुन्हा आरोळी. नाटकातली नायिका विरहात असो की लग्नमंडपात, पाच वेळा तेच सांगून मग पुढचे वाक्य. नाटके पहाटेपर्यंत चालत. लोक ऐकायला येत होते हे खरे, आणि बालगंधर्वांच्या गळ्यासाठी पहाट झाली तर झाली, असेही कोणी म्हणेल. पण नाटक म्हणून जे उभे राहायचे ते या कौतुकाखाली दबले, हे मान्य करायला हवे.

त्याच रंगभूमीवर ८ जुलै १९२१ रोजी एक वेगळी गोष्ट घडली. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रंगमंचावर आल्या. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोघांचे चाहते एकमेकांचे वैरी. आपल्या नटाला दुसरा झाकोळून टाकणार, या चिंतेने अर्धे प्रेक्षागृह आलेले. प्रयोग अजोड झाला, असे तेव्हापासून सांगितले जाते. यात दाद प्रेक्षकांची होतीच. पण ज्याच्याकडून आपल्याला धोका आहे त्याच्या शेजारी उभे राहून, त्याचे पद रंगू देणे, ही त्या दोन नटांनी एकमेकांना दिलेली दाद अधिक मोलाची. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले. वय अवघे ३१. तो प्रयोग पुढच्या मोसमावर ढकलला असता, तर तो झालाच नसता.

वेळेचा हा मुद्दा मराठी कवितेने फार जवळून भोगला आहे. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते ते केशवसुत १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. हरि नारायण आपट्यांनी त्यांची कविता पुस्तकरूपाने छापली ती १९१७ साली, बारा वर्षांनी.

बहिणाबाईंची कथा याहून गुंतागुंतीची आहे. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्म, तिशीतच वैधव्य, शेती, जाते, चूल. लिहिता-वाचता येत नव्हते. ओव्या सुचायच्या त्या दळताना, निंदताना, आणि तिथेच विरायच्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी; त्याने आणि आप्तांपैकी पितांबर चौधरींनी त्यांतल्या काही कागदावर उतरवून घेतल्या. पहिली दाद ती, घरातली. ऐकता ऐकता टिपून ठेवणाऱ्या त्या दोन हातांमुळेच जे वाचले ते वाचले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी भीत भीत ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. आईची कविता म्हणून लोक हसतील, ही धास्ती होती. अत्र्यांनी वही जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि हे महाराष्ट्रापासून दडवून ठेवणे गुन्हा आहे, असे बजावले. १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली, अत्र्यांच्या दीर्घ प्रस्तावनेसह.

हे करणारे अत्रे कोण होते, ते ध्यानात घ्यायला हवे. ‘झेंडूची फुले’ लिहून त्यांनी समकालीन कवींची टर उडवलेली. ज्याच्या मागे लागले त्याला सळो की पळो करून सोडायचे, अशी लेखणी. अशा माणसाने मान तुकवली म्हणून महाराष्ट्राने ते पुस्तक उघडले. सगळ्यांनाच चांगले म्हणणाऱ्या सज्जनाने तीच प्रस्तावना लिहिली असती, तर ती आणि पुस्तक दोन्ही जळगाव जिल्ह्यात राहिली असती. नापसंती ज्याला स्पष्ट सांगता येते, त्याचीच पसंती चालते. प्रस्तावना लिहिणाऱ्या आजच्या मान्यवरांनी हे मनावर घेतले तर वाचकांचे पुष्कळ पैसे वाचतील. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. आपले नाव पुस्तकावर छापलेले त्यांनी पाहिले नाही. पाहिले असते तरी वाचता आले नसते.

अत्र्यांनी शब्द खर्च केले, पु. ल. देशपांड्यांनी शब्दही आणि पैसाही. त्यांच्या ‘गणगोत’, ‘गुण गाईन आवडी’, ‘मैत्र’ या पुस्तकांत दुसऱ्यांचे गुण टिपण्याचा जो आनंद आहे, तो मराठीत अन्यत्र क्वचित सापडतो. त्यामागे एक कोरडी शिस्तही होती. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनात अडकलेल्या पोरांवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई ‘फार अस्वस्थ झालो’ एवढे कळवून थांबले नाहीत, त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. त्यातून १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले आणि अनिता अवचटांनी ते चालवले. लेख आवडला म्हणून रुग्णालय निघाले, असे उदाहरण शोधूनही सापडायचे नाही.

कधी कधी दाद द्यायला पैसाही लागत नाही, घड्याळ पुरते. २००३ साली ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स मुंबईत आले आणि डबेवाल्यांना चर्चगेटला येऊन भेटले. डब्यांच्या वेळा बदलता येत नाहीत म्हणून युवराजांनी आपली वेळ जुळवून घेतली. २००५ मध्ये त्यांच्या लग्नाचे निमंत्रण डबेवाल्यांना आले, दोघे जण जाऊनही आले. त्या भेटीची बातमी जगभर झाली ती युवराजांमुळे. डबेवाल्यांना मात्र त्यातली वेळेची बाजू जास्त भावली असावी. ज्याला त्यांचे काम कळले, त्याने त्यांना फलाटावर खोळंबवून ठेवले नाही.

शेवटची हकीकत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरची. खाशाबा दादासाहेब जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. लाल मातीत घडलेला पैलवान तिथे मॅटवर उतरला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे, तर पैसे नाहीत. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे कऱ्हाड-कोल्हापूर भागात आजही सांगतात. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी ब्राँझपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला लिअँडर पेसची, म्हणजे १९९६ ची, वाट पाहावी लागली. कऱ्हाड स्टेशनवर शंभराहून अधिक बैलगाड्या त्यांना न्यायला आल्या होत्या. परतल्यावर खाशाबांनी काय केले? कुस्त्यांची मैदाने भरवून पैसे जमवले आणि प्राचार्यांचे घर सोडवले. या परतफेडीत त्या दादेची खरी पावती आहे, बैलगाड्यांच्या मिरवणुकीपेक्षाही.

सरकारचा वेग निराळा होता. खाशाबा १९५५ मध्ये पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, या शतकाच्या तोंडावर. दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले ते २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या सुमारास. पद्म पुरस्कार त्यांच्या वाट्याला आलाच नाही. खर्डेकरांनी १९५२ मध्ये ओळखले ते दिल्लीला कळायला पन्नास-साठ वर्षे लागली, आणि तोवर त्याचा उपयोग फक्त वारसांना आणि पाटीला. मेल्यानंतरच्या पुरस्काराने देणाऱ्याची अब्रू सावरते. ज्याला तो मिळायला हवा होता त्याच्या खुराकाला, प्रवासाला, सरावाला त्यातला एक रुपयाही पोहोचत नाही.

केळुसकर, पितांबर चौधरी, प्राचार्य खर्डेकर ही नावे ज्यांच्या चरित्रांत येतात, तिथेही ती एखाद्या परिच्छेदापुरतीच येतात. त्यांच्या स्वतःच्या नोंदी विखुरलेल्या आहेत. कुठे शाळेच्या स्मरणिकेत, कुठे घरच्या कागदांत, पुष्कळदा फक्त तोंडी. अशी माणसे प्रत्येक तालुक्यात झाली: पोराची चित्रे पाहून रंगपेटी आणून देणारे ड्रॉइंग मास्तर, गळा ओळखून पेटी उसनी देणारे भजनी बुवा, शिकाऊ मुलीचे टाके पाहून स्वतःचे गिऱ्हाईक तिच्याकडे पाठवणारी शिवणकामाच्या वर्गातली बाई. वाचकांकडे मागणे एवढेच, की आपल्या माहितीतल्या अशा एका माणसाची हकीकत लिहून काढावी. गाव, साल, त्याने काय ओळखले आणि त्यासाठी पदरचे काय घातले, एवढे चार तपशील असले तरी पुरे. तो माणूस हयात असेल तर लिहिण्याआधी त्याला जाऊन भेटावे. तपशील तोच नीट सांगेल.